पाव : त्याची घडण, त्याचे दोष व त्याची सुधारणा

ज्या वस्तु आपल्या रोजच्या परिचयाच्या असतात, त्यांच्याविषयींच आपलें अज्ञान पुष्कळदां अधिक असतें. तारे किती दूर आहेत, हें शाळेंतील मुलगा पुस्तकांतून पाठ करून सांगेल. परंतु सकाळीं चहांत बुडवून खाल्लेला पाव कशाचा झालेला असतो, तो फुगतो कसा, आणि पोटांत गेल्यावर त्याचें काय होतें, असें विचारलें तर तो गप्प बसेल. मुलाचें असो, त्याला शिकविणारा शिक्षकही या बाबतींत किती अज्ञानी असूं शकतो, याचा अनुभव आम्हांस स्वतःलाच आला आहे, व तोच प्रस्तुत लेखास कारण झाला आहे.

आमच्या मातोश्री उतारवयांत खेड्यांतून आमच्याकडे राहावयास आल्या. जन्मभर त्यांनीं ज्वारीची भाकर खाल्लेली. पण शहरांतल्या सकाळच्या घाईंत भाकरी थापणार कोण? म्हणून आम्ही त्यांस पाव देऊं लागलों. थोड्याच महिन्यांत त्यांस मलावरोधाचा विकार जडला. डॉक्टरांनीं आहारांतील चोथा वाढविण्यास सांगितलें. आम्ही पडलों शास्त्राचे पदवीधर. लागलीच पांढरा पाव बंद करून एका दुकानांतून अधिक किंमत देऊन तपकिरी पाव आणूं लागलों. मातोश्री तो नाखुषीनें खात, आणि त्यांनीं तो ताटांत टाकला कीं आम्ही रागावत असूं. असें दोन वर्षें चाललें. विकार होता तसाच राहिला. पुढें एके दिवशीं नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें सहज विचारलें, "सर, तपकिरी पाव तपकिरी कशानें होतो?" "कोंड्यानें," असें आम्हीं ठामपणें उत्तर दिलें. घरीं आल्यावर मात्र मनांत शंका आली, म्हणून पावाचें वेष्टन प्रथमच चष्मा लावून नीट वाचलें. घटकांच्या यादींत पहिलें नांव मैद्याचें होतें. कोंडा फार खालीं होता. आणि रंगासाठीं जळविलेली साखर घातली होती! दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं आपलें उत्तर परत घेतलें, व पावाविषयीं जें जें शिकतां येईल तें शिकण्याचा निश्चय केला. त्या अभ्यासाचा सारांश विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहों.

पाव हा आपल्याकडील मूळचा पदार्थ नव्हे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज लोक गोव्यांत आले, त्यांजबरोबर तो आला; व त्यांच्या भाषेंतील 'पांव' या शब्दापासूनच आपला 'पाव' झाला. पायांनीं मळतात म्हणून पाव, ही जी व्युत्पत्ति ऐकूं येते ती मागाहून रचलेली आहे. गोव्यांत पाव भाजणाऱ्यास पोदेर म्हणतात. हे पोदेर पूर्वीं माडाची सूर घालून पीठ आंबवीत असत, आणि कोंड्याची पोयी आजही तेथें आवडीनें खाल्ली जाते. म्हणजे कोंड्याचा पाव ही कांहीं आजच्या दुकानदारांची नवी युक्ति नव्हे.

आतां गव्हाच्या दाण्याकडे वळूं. दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचें कवच तो कोंडा. हा वजनानें शेंकडा सुमारें १४ भरतो. एका टोंकाशीं नव्या रोपाचा अंकुर असतो. तो शेंकडा तीनांहून थोडा कमीच. बाकीचा सुमारें ८३ भाग पांढऱ्या गराचा. त्यांत मुख्यतः पिष्ट व कांहीं प्रथिन असतें. हा गर म्हणजे अंकुरासाठीं निसर्गानें बांधून दिलेली शिदोरी होय. दाण्यांतील चोथा, लोह, जस्त आणि 'ब' वर्गांतील जीवनसत्त्वें यांचा फार मोठा हिस्सा कोंड्यांत व अंकुरांत सांठविलेला असतो. सगळा दाणा दळला म्हणजे आपली कणीक होते. कोंडा व अंकुर काढून केवळ गर बारीक केला म्हणजे मैदा होतो. १०० ग्रॅम कणकेंत चोथा सुमारें ११ ग्रॅम असतो. तितक्याच मैद्यांत तो ३ ग्रॅमसुद्धां भरत नाहीं.

मग लोक मैदा कां करूं लागले? याला दोन कारणें झालीं. जात्यावर दळलेल्या पिठांत अंकुरांतील तेल मिसळतें, व तें कांहीं आठवड्यांत खंवट होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हंगेरींतील बुडापेस्ट शहरांत व मागाहून अमेरिकेंत पोलादी रुळांच्या गिरण्या चालूं झाल्या. या रुळांनीं दाणा फोडून कोंडा व अंकुर अलग काढणें सोपें झालें. पीठ महिनोगणती टिकूं लागलें व आगबोटींतून दूरदूर जाऊं लागलें. दुसरें कारण मानवी स्वभावाचें. पूर्वीं पांढरा पाव श्रीमंतांच्याच मेजावर असे. तो स्वस्त होतांच गरिबासही हवासा वाटला. पांढरें तें शुद्ध, अशी समजूत आपल्याकडेही कांहीं कमी नाहीं.

पाव मऊ व हलका कां होतो, हें समजण्यासाठीं आमच्या वर्गांतील मुलांनीं एक प्रयोग केला. तो कोणासही घरीं करतां येईल. मैदा, कणीक व ज्वारीचें पीठ प्रत्येकीं एक मूठ घेऊन पाण्यांत घट्ट मळावें, व गोळे अर्धा तास पाण्यांत बुडवून ठेवावे. मग एकेक गोळा बारीक धारेखालीं फडक्यांत धरून हलकेच चोळावा. पांढरें पाणी वाहून जाईल, तें पिष्ट. शेवटीं मैद्याच्या गोळ्यांतून करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा एक लहानसा गोळा हातीं राहील. तेंच 'ग्लुटेन' होय. इटलींतील बोलोन्या येथील बेक्कारी नांवाच्या पंडितानें १७२८ सालीं हा पदार्थ अशाच रीतीनें वेगळा काढून दाखविला. त्यांत दोन प्रथिनें असतात : ग्लायाडिन हें ताणलें जातें, व ग्लुटेनिन हें परत आंखडतें. यीस्ट हे सूक्ष्म जीव पिठांतील साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायु सोडतात. तो ग्लुटेनच्या पातळ पडद्यांत फुग्याप्रमाणें कोंडला जातो. भट्टीची आंच लागली म्हणजे पडदे घट्ट होतात, व ते असंख्य फुगे तसेच राहतात. पावाची जाळी ती हीच.

कणकेच्या गोळ्यांतूनही मुलांना ग्लुटेन मिळालें. पण तें खरखरीत, कोंड्यानें भरलेलें व लवकर तुटणारें होतें. ज्वारीच्या गोळ्याचें तर सर्वच वाहून गेलें; फडक्यांत थोडासा चोथा तेवढा राहिला. या तीन गोळ्यांत पावाच्या सुधारणेचा सगळा प्रश्न सांठविलेला आहे. कोंडा घातला कीं त्याचे तीक्ष्ण कण फुग्यांचे पडदे फाडतात, शिवाय पाणीही ओढून घेतात. म्हणून पाव बसका व कोरडा होतो. कोंडा काढावा तर पाव फुगतो खरा, पण त्याचें सत्त्व जातें. आरोग्य व मऊपणा यांचा मेळ कसा घालावा, हाच आजच्या अन्नशास्त्रज्ञांचा उद्योग आहे.

सत्त्व गेल्यानें काय होतें, हें प्रथम तांदुळावरून कळलें. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत बेरीबेरी नांवाच्या रोगाचा शोध करीत होते. त्यांच्या कोंबड्यांस कांहीं काळ रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतील पांढरा, सडलेला भात मिळत असे; त्यांचे पाय लुळे पडले. पुढें नवा आचारी आला. त्यानें तो तांदूळ कोंबड्यांना देण्याचें नाकारलें, म्हणून त्यांस कोंडा न काढलेला तांदूळ मिळूं लागला, आणि कोंबड्या बऱ्या झाल्या! तांदुळाच्या कोंड्यांतील जें द्रव्य कमी पडत होतें, तें आज 'ब-१' जीवनसत्त्व म्हणून ओळखलें जातें. आइकमन यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

परंतु एवढ्यावरूनच पांढरा पाव म्हणजे विष, असें म्हणणें शास्त्रास धरून होणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर एल्सी विडोसन व रॉबर्ट मॅकन्स या ब्रिटिश संशोधकांनीं जर्मनींतील अनाथाश्रमांत एक मोठा प्रयोग केला. तेथील मुलें युद्धाच्या उपासमारीनें खुरटलेलीं होतीं. पांच प्रकारच्या पिठांचे पाव करून निरनिराळ्या गटांस पोटभर दिले : कोणास पूर्ण कणकेचा, कोणास थोडा कोंडा काढलेला, कोणास पांढरा, व कोणास जीवनसत्त्वें घातलेला पांढरा. त्यांच्या आहाराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पावाचाच होता. बरोबर बटाटे व भाजीपाला असे, दूध-मांस अगदीं थोडें. कणकेचा पाव खाणारीं मुलें अधिक वाढतील, असें पुष्कळांस वाटलें होतें. प्रत्यक्षांत सर्व गट सारखेच वाढले, व चांगले वाढले! यावरून एवढें निश्चित झालें कीं, बरोबर पुरेसा भाजीपाला असेल, तर वाढत्या मुलाची उंची व वजन यांस पांढरा पाव आड येत नाहीं. सत्यशोधकाचें लक्षण हेंच कीं, आपल्या अपेक्षेविरुद्ध आलेला निकालही त्यानें जसाच्या तसा मांडावा.

मग चोथ्याचें एवढें महत्त्व कशाला? कारण उंची व वजन म्हणजेच आरोग्य नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत डेनिस बर्किट या आयरिश शस्त्रवैद्यानें, युगांडांतील आपल्या अनुभवावरून, चोथ्याच्या अभावाकडे जगाचें लक्ष वेधलें. जेथें लोक भरपूर चोथा खातात, तेथें मलावरोध व आंतड्यांचे अनेक विकार विरळा दिसतात, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या सर्वच अनुमानांस पुढें दुजोरा मिळाला असें नाहीं. पण मुख्य दिशा खरी ठरली. २०१९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत शेंकडों अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें, जे लोक सर्वांत अधिक चोथा खात, त्यांच्यांत हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आंतड्याचा कर्करोग यांचें प्रमाण अगदीं कमी चोथा खाणारांपेक्षां शेंकडा १५ ते ३० नें कमी आढळलें. आणि दररोज २५ ते २९ ग्रॅम चोथा हें माप हितकर दिसलें. मूल आज पांढऱ्या पावावरही वाढेल. परंतु त्याला जी संवय आज लागेल, ती पन्नासाव्या वर्षीं त्याच्याबरोबर असेल, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां सुधारणेचे उपाय पाहूं. कोंडा पावांत रहावा, पण त्यानें जाळी मोडूं नये, यासाठीं अनेक युक्त्या निघाल्या आहेत. कोंडा आधींच भिजवून ठेवला म्हणजे तो मऊ पडतो व मागाहून पीठ कोरडें करीत नाहीं. कोंडा अधिक बारीक दळणें, मळतांना पाणी जास्त घालणें, कोंड्याचें कठीण जाळें थोडेंसें सोडविणारे पाचक रस, म्हणजे एन्झाइम, अल्प प्रमाणांत मिसळणें, हेही उपाय आहेत. परंतु सर्वांत जुना उपाय म्हणजे सावकाश आंबविणें. आंबट विरजणावर रात्रभर ठेविलेल्या पिठांत यीस्टबरोबर दह्यांतल्यासारखे जंतूही काम करितात. त्यांचा दुसराही एक लाभ आहे. कोंड्यांत फायटिक आम्ल असतें. तें लोह व जस्त यांस धरून ठेवितें, म्हणून कणकेंत लोह असूनही शरीरास तें पुरतेंपणीं मिळत नाहीं. आंबट झालेल्या पिठांत धान्यांतीलच फायटेज नांवाचें एन्झाइम जागें होऊन हें आम्ल मोडतें, व लोह मोकळें होतें. घाईनें तासाभरांत फुगविलेल्या पावांत हें काम अपुरें राहतें. आपल्या आजीबाई नाचणीची आंबील रात्रीं भिजत घालीत. त्यांस फायटेजचें नांव ठाऊक नव्हतें, पण रीत मात्र ठाऊक होती.

दुसरी सुधारणा वनस्पतिजन्य प्रथिनांची. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा एक आवश्यक घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो. याच कारणानें वरण-पोळी, खिचडी, उसळ-पाव या जोड्या शास्त्रशुद्ध ठरतात. हरभरा, वाटाणा, सोयाबीन यांचें पीठ पावांतच मिसळावें, असे प्रयत्न अनेक देशांत चालूं आहेत. दहांत एक भाग मिसळला तर फारसें बिघडत नाहीं. पण प्रमाण वाढत गेलें म्हणजे ग्लुटेन विरळ होऊन पाव बसतो, आणि कच्च्या डाळीचा उग्र वासही येतो. हा वास डाळींतील एका एन्झाइममुळें तेलावर क्रिया होऊन उत्पन्न होतो. डाळ आधीं भाजली तर तें एन्झाइम निकामी होऊन वास नाहींसा होतो. थालिपिठाची भाजणी करणाऱ्या गृहिणीस हें नव्यानें सांगावयास नको. ती धान्यें व डाळी भाजून एकत्र दळते. त्यांत लायसिनची उणीव भरून निघते, वास जातो, चोथा राहतो, आणि चवही साधते.

तिसरा विषय अधिक गंभीर आहे. कांहीं मुलांस ग्लुटेन सोसतच नाहीं. पोट फुगतें, जुलाब होतात, अंग वाळतें, वाढ खुंटते. या विकारास सीलिॲक म्हणतात. त्याचें कारण विल्लेम डिके या डच बालवैद्यानें सिद्ध केलें. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडमध्यें भयंकर दुष्काळ पडला व पाव मिळेनासा झाला. इतर मुलें उपासानें खंगत असतां हीं आजारी मुलें मात्र सुधारूं लागलीं. आणि पुन्हां पाव मिळूं लागतांच परत आजारी पडलीं! डिके यांनीं सूक्ष्म निरीक्षण करून १९५० सालीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला. अशा रोग्यास गहूं, जव व राय हीं धान्यें जन्मभर वर्ज्य करावीं लागतात. आपल्या उत्तर हिंदुस्थानांतही हा विकार आढळतो. एखादें मूल पोळी खाऊन सारखें आजारी पडत असेल, तर "नाटकें करतो" म्हणून त्याला दटावूं नये. डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत आपल्या मनानें गहूं बंद करूं नये, कारण तसें केल्यास तपासणी फसते.

अशा मुलांसाठीं ग्लुटेनवांचून पाव करणें हें शास्त्रज्ञांपुढील कठीण कोडें होतें. तें सोडविण्यास आपल्याच देशांतील एक वस्तु उपयोगी पडली. ती म्हणजे इसबगोल. गुजराथ-राजस्थानांत पिकणाऱ्या या बियांचा पातळ भुसा पाण्यांत टाकला कीं आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून बुळबुळीत खळीसारखा होतो. तांदूळ, ज्वारी अशा पिठांत तो मिसळला म्हणजे ती खळ ग्लुटेनच्या पडद्यांची जागा बऱ्याच अंशीं घेते, व वायु कोंडून धरते. शिवाय तो स्वतः उत्तम चोथा आहे. ज्याचा उपयोग आपण केवळ पोट साफ होण्यासाठीं करीत आलों, तो आज परदेशांतील बेकऱ्यांत पावाचा आधार झाला आहे. दुसरी युक्ति म्हणजे थोडें पीठ उकळत्या पाण्यांत शिजवून मग मळणें. त्यानें पिष्ट फुलून चिकट होतें व पीठ बांधलें जातें. ज्वारीची वा तांदुळाची भाकर आपण ऊन पाण्यांत, उकड काढून, मळतों, त्याचें मर्म हेंच.

केकमध्यें अंड्याचें काम फेंस धरण्याचें व आंच लागतांच घट्ट होण्याचें. जे अंडें खात नाहींत, किंवा ज्यांस तें सोसत नाहीं, त्यांच्यासाठीं जवसाचें पीठ पाण्यांत भिजवून तें घालतात. २०१४ सालीं जोएल रोसेल या फ्रेंच गृहस्थानें असें दाखविलें कीं, शिजविलेल्या कडधान्यांचें घट्ट पाणीही अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणें फेंसाळतें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत हरभऱ्याच्या अशाच पाण्यास 'अक्वाफाबा' हें नांव मिळालें. त्यांत उतरलेलीं प्रथिनें व सॅपोनिन द्रव्यें हा फेंस धरितात. मात्र अंड्याइतकें प्रथिन त्यांत नसतें, हें विसरूं नये. काम सारखें झालें म्हणून पोषणही सारखें, असें नव्हे.

आतां ज्यांत खरा धोका आहे तिकडे वळूं. तो म्हणजे खारी, बटर व नानकटाई यांतील तूप. खारीचे पापुद्रे सुटण्यास थिजलेलें तूप लागतें. पातळ तेल पिठांत मुरून जातें. लोणी महाग, म्हणून वनस्पति तूप आलें. तेलांत हायड्रोजन वायु अर्धवट मिळवून तें थिजवितात. या क्रियेंत ट्रान्स नांवाचीं स्निग्धें उत्पन्न होतात. १९९० सालीं हॉलंडमधील मेन्सिंक व काटान यांनीं दाखविलें कीं, हीं स्निग्धें रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल वाढवितात व चांगलें कमी करितात. हृदयविकारास त्यांसारखें दुसरें आमंत्रण नाहीं. २०१८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सर्व देशांस तीं हद्दपार करण्याचें आवाहन केलें; आपल्या देशांत जानेवारी २०२२ पासून स्निग्ध पदार्थांत त्यांचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये, असा नियम अमलांत आला. तेलच मेणाच्या साह्यानें थिजवून, ट्रान्स स्निग्धांवांचून तेंच काम साधण्याचे प्रयोगही चालले आहेत. त्यांत तांदुळाच्या कोंड्यांतून निघणारें मेण उपयोगी पडतें. तथापि नियम झाला म्हणून खारी पथ्यकर झाली, असें मात्र समजूं नये; तिच्यांतील मैदा व तूप कायमच आहेत.

मिठाची गोष्ट आशा देणारी आहे. पाव खारट लागत नाहीं, तरी त्यांत बरेंच मीठ असतें. तें ग्लुटेनला बळकटी देतें व यीस्टला आवर घालतें. इंग्लंडांत २००१ ते २०११ या दहा वर्षांत पावांतील मीठ हळूहळू सुमारें पंचमांशानें कमी करण्यांत आलें. तें इतकें सावकाश कीं, लोकांच्या जिभेस पत्ताही लागला नाहीं. घरांतही हीच रीत चालेल. एकदम आळणी जेवण वाढलें तर बंड होईल. महिन्यामहिन्यास चिमूट कमी केली तर होणार नाहीं.

पालकांनीं करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. वेष्टनावरील रंग व चित्र न पाहतां घटकांची यादी वाचावी. यादींत जो घटक वजनानें सर्वांत अधिक, त्याचें नांव प्रथम असावें लागतें. पहिलें नांव मैद्याचें असेल तर पाव काळा असो वा गोरा, तो मैद्याचाच. पाव द्यावयाचाच तर नुसता चहाबरोबर न देतां उसळीबरोबर द्यावा. ज्वारी, बाजरी, नाचणी यांस गरिबाचें अन्न म्हणून ताटाबाहेर करूं नये. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं आपल्याच देशाच्या सूचनेवरून भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, हें मुलांस सांगावें.

शेवटीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करितों. त्याच विडोसनबाईंनीं जर्मनींतील दोन अनाथाश्रमांची हकीकत १९५१ सालीं प्रसिद्ध केली. प्रत्येक आश्रमांत सुमारें ५० मुलें होतीं. सहा महिने दोन्हींकडे सारखें अन्न होतें; पुढील सहा महिने एका आश्रमास जास्तीचा पाव, मुरंबा व फळांचा रस देण्यांत आला. हीं मुलें अधिक वाढतील अशी अपेक्षा. पण वाढलीं तीं दुसरींच! शोध केल्यावर कळलें कीं, जास्तीचें अन्न ज्या दिवसांत सुरू झालें, त्याच दिवसांत त्या आश्रमांत एक कडक स्वभावाची मुख्य बाई बदलून आली होती. ती नेमकी जेवणाच्या वेळीं मुलांस सर्वांदेखत बोल लावी; मुलें रडत, व वाढलेलें अन्न निवून जाई. तिच्या लाडक्या मुलांचें वजन मात्र चांगलें वाढलें.

ही हकीकत वाचली तेव्हां आम्हांस आमच्या मातोश्रींच्या ताटांतला तो तपकिरी पाव आठवला, आणि त्यावरून आम्हीं केलेला रागही आठवला. आतां आमच्या घरीं सकाळची भाकर पुन्हां सुरू झाली आहे. आम्ही स्वतः ती थापावयास शिकलों आहों. ती वांकडी होते, कडेला चिरते. मातोश्री हंसतात, आणि दुधांत कुसकरून पोटभर खातात. विकारास पुष्कळ उतार आहे. तो ज्वारीच्या चोथ्यानें पडला कीं आमचें रागावणें थांबल्यानें, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. एका माणसावरून सिद्धान्त काढूं नये, असें आम्ही वर्गांत रोज शिकवितों. परंतु दोन्ही उपाय बिनखर्चाचे आहेत, व दोन्ही एकदमच करून पाहण्यास कोणासही हरकत नसावी.